लेकीच्या हाडांना आजीची मोजपट्टी



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वही मिटली, तरी एक ताई जागच्या उठेनात. सगळ्या गेल्यावर त्यांनी पिशवीतून एक चिठ्ठी काढली. तालुक्याला मोफत शिबिर होतं. ताई स्वतःची हाडं तपासायला गेल्या होत्या, सोबत चौदा वर्षांची लेक होती. टाच यंत्रात ठेवायची, दोन मिनिटांचं काम, म्हणून लेकीचीही तपासणी झाली. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, टी-स्कोअर उणे २.६, ऑस्टिओपोरोसिस. म्हणजे हाडं ठिसूळ. ताईंनी त्याच दिवशी पोरीची कबड्डी बंद केली. "बाहेर कळलं तर हिला कोण करून घेईल?" एवढंच त्या बोलल्या.

आम्ही काही डॉक्टर नाही. पण हा उणे २.६ कुठून आला, ते शोधायचं आम्ही ठरवलं. वाचलं, डॉक्टरांना विचारलं. त्या आकड्याचा इतिहास कळला, तो आज तुम्हाला सांगतो.

क्ष-किरणांचा शोध १८९५ साली जर्मनीत रोंटगेन यांनी लावला. मोडलेलं हाड दिसू लागलं. पण हाड आतून किती भरीव आहे, ते फोटोवरून नुसत्या डोळ्यांनी कळत नसे. हाडातला साधारण तिसरा हिस्सा झिजून गेला, की मग कुठे ते फोटोत जाणवायचं. १९६३ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी मनगटाजवळच्या हाडातून किरण सोडून पलीकडे किती पोहोचतात ते मोजलं. हाड जितकं भरीव, तितके किरण जास्त अडतात. अशा रीतीने हाडाला आकडा मिळाला. पुढे १९८७ च्या सुमारास डेक्सा यंत्र आलं. झोपवून कमरेच्या मणक्यांचं आणि खुब्याचं माप घेतात ते हेच. त्यात क्ष-किरण अगदी थोडे लागतात.

आकडा मिळाला, पण कमी कशाला म्हणायचं? १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने रेघ आखली. बाईच्या हाडांची तुलना तरुण, निरोगी बाईच्या हाडांशी करायची. या तुलनेला टी-स्कोअर म्हणतात. तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. पण ही रेघ आखली होती पाळी गेलेल्या बायकांसाठी, तीही प्रामुख्याने गोऱ्या बायकांच्या मापांवरून. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने झिजतात. तरुणपणीच्या मानाने किती झिजली, हे पाहायला ही पट्टी उपयोगी पडते. म्हणजे आमच्या ताईंच्या सासूबाईंना ती लागू. आणि तीसुद्धा डेक्साच्या मापाला. शिबिरातली टाचेची यंत्रं बहुतेक ध्वनिलहरींवर चालतात. त्यांच्या आकड्याला ही रेघ लावता येत नाही.

आता चौदा वर्षांच्या मुलीला ही पट्टी लावली तर काय होतं? ज्वारी पोटरीत आली आहे आणि कुणीतरी तिची तुलना खळ्यावरच्या राशीशी करून म्हणतंय, पीक बुडालं! मुलीचं हाड झिजलेलं नसतं, अजून भरायचं असतं.

ते कधी भरतं, हेही लोकांनी मोजून ठेवलं आहे. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान विद्यापीठात १९९१ पासून दोनशेहून जास्त मुलामुलींची हाडं दरवर्षी मोजली गेली. त्यातून दिसलं, की मोठेपणी अंगात हाडांचं जेवढं खनिज असतं, त्यातलं सुमारे २६ टक्के ऐन वाढीच्या दोनच वर्षांत साठतं. हा जोर मुलींमध्ये साडेबारा वर्षांच्या आसपास असतो, मुलांमध्ये चौदा वर्षांच्या. आणखी एक गोष्ट कळली. उंची आधी वाढते, हाडात भर त्यानंतर काही महिन्यांनी पडते. मधल्या काळात हाड लांब झालेलं असतं, पण भरलेलं नसतं. ज्या मुलीची पाळी उशिरा सुरू होते, तिची ही भरही उशिरा पडते. वर्गातल्या दोघी एकाच वयाच्या असल्या तरी हाडांच्या हिशेबात एक पुढे, एक मागे असू शकते.

म्हणून मुलांसाठी वेगळी पट्टी आहे, झेड-स्कोअर. त्यात त्याच वयाच्या निरोगी मुलींशी मुलीची, मुलांशी मुलाची तुलना होते. पण त्यातही एक खोच आहे. डेक्साचं चित्र सपाट असतं. लांबी-रुंदी दिसते, जाडी दिसत नाही. दोन पोती घ्या, एक लहान, एक मोठं, दोन्हींत एकाच वाणाची ज्वारी. समोरून दिसणाऱ्या प्रत्येक वितीमागे किती धान्य आहे ते मोजलं, तर मोठ्या पोत्यात जास्त भरेल, कारण ते खोलही आहे. तसंच बुटक्या मुलीचं हाड चांगलं असूनही आकडा कमी येतो. उंचीचा हिशेब धरल्याशिवाय तो वाचता येत नाही.

या चुका मोठ्या ठिकाणीही झाल्या. २००४ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गाफ्नी आणि बॅरन यांनी, हाडं विरळ म्हणून पाठवलेल्या ३४ मुलांचे अहवाल पुन्हा तपासले. त्यांतल्या ३० अहवालांत वाचनाची किमान एक चूक निघाली. सगळ्यात जास्त वेळा झालेली चूक म्हणजे मुलांना टी-स्कोअर लावणं. चुका दुरुस्त केल्यावर निम्म्याहून जास्त मुलांची हाडं ठीक निघाली.

मग २००७ साली हाडांची घनता मोजणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मुलांसाठी नियम घातले आणि २०१३ साली ते सुधारले. मुलांच्या अहवालात टी-स्कोअर नको. माप कमरेच्या मणक्यांचं आणि डोकं वगळून सगळ्या अंगाचं घ्यावं. आणि नुसत्या आकड्यावरून मुलाला ऑस्टिओपोरोसिस म्हणू नये. मोठा मार न लागता मणका दबला असेल तर तसं म्हणता येतं. नाहीतर झेड-स्कोअर उणे २ किंवा त्याखाली हवा आणि शिवाय हातापायांची लांब हाडं दहा वर्षांच्या आत दोनदा किंवा एकोणीसच्या आत तीनदा मोडलेली हवीत. कारण शंभर निरोगी मुलांतही दोघांचा आकडा उणे २ च्या खाली असतोच. पाळी चालू असलेल्या बायका आणि पन्नाशीच्या आतले पुरुष यांच्यासाठीही झेड-स्कोअरच पाहायला सांगितलं आहे. तेव्हा गटातल्या तरुण मैत्रिणींनो, हे तुम्हालाही लागू.

परदेशातल्या मुलांशी आपल्या मुलांची तुलना किती बरोबर, हाही प्रश्न होताच. त्यावर आपल्या पुण्यात काम झालं. डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी ५ ते १७ वर्षांच्या निरोगी भारतीय मुलामुलींची डेक्साने मापं घेतली आणि वयानुसार तक्ते २०११ साली प्रसिद्ध केले.

हे सगळं समजल्यावर आम्ही ताईंना आणि लेकीला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी चिठ्ठी बाजूला ठेवली. मुलीची उंची-वजन घेतलं, पाळी कधी आली ते विचारलं, हाड कधी मोडलं का, पाठ दुखते का, कुठलं औषध बरेच दिवस चालू होतं का, ते विचारलं. हाड एकदाही मोडलेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, हिला ऑस्टिओपोरोसिस म्हणायला काहीच आधार नाही. दूध-ताक, नाचणी, डाळी, अंगावर ऊन आणि भरपूर खेळ हवा. खेळणं बंद केलंत तर मात्र हाडाचं नुकसान कराल, कारण हाड भाराने भरतं.

मैत्रिणींनो, तपासणी वाईट असं आम्ही म्हणत नाही. पोराचं हाड थोडक्या माराने पुन्हा पुन्हा मोडत असेल, स्टिरॉइडचं औषध बरेच महिने चालू असेल, थॅलेसेमिया असेल, मूल चालू शकत नसेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. तिथे आकड्याचा खरा उपयोग होतो. पण हातात चिठ्ठी आली तर एवढं जरूर विचारा. हा टी-स्कोअर की झेड-स्कोअर? तुलना कुणाशी केली? उंची धरली का?

ती चिठ्ठी आम्ही गटाच्या वहीत ठेवली आहे. पुढच्या शिबिराला जाण्याआधी बैठकीत सगळ्यांना दाखवणार आहोत. लेक परत मैदानावर जाते. ताई अजून मधूनच विचारतात, "नक्की ना हो?" आम्ही वही उघडून पुन्हा सांगतो.