पानकाची परंपरा

चैत्र शुद्ध नवमीच्या दुपारी बंगळूरच्या चामराजपेठेतून किंवा बसवनगुडीतून जाणाऱ्या वाटसरूला तहानेची चिंता करावी लागत नाही. देवळापुढे, घरांच्या ओट्यांशी, नाक्यावरच्या मांडवात मोठमोठी पातेली मांडलेली असतात. एकात सुंठ, मिरी व वेलदोडा घातलेले गुळाचे पाणी, दुसऱ्यात पातळ ताक, आणि शेजारी भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी. येणाऱ्याचे नावगाव कोणी पुसत नाही, मग मोल कोण मागणार? या गुळाच्या पाण्याला कन्नड मंडळी ‘पानक’ म्हणतात.

श्रोतेहो, हे ऐकताच आपल्याला घरचा चैत्र आठवला असेल. आपल्याकडे याच महिन्यात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचे पन्हे आणि आंबेडाळ देतात. पानक आणि पन्हे ही एकाच संस्कृत शब्दाची लेकरे. कोसंबरी आणि कोशिंबीर यांचे नाते तर नुसत्या कानालाही कळते. तिकडे डाळ व पेय, इकडेही डाळ व पेय. दोन भाषांच्या अंगणांत ऋतूचे स्वागत एकाच रीतीने होते.

आज त्याच बंगळुरातील बड्या उपाहारगृहांत मद्यविरहित मिश्रपेयांना ‘मॉकटेल’ म्हणतात. या नावाचा सरळ अर्थ नकली कॉकटेल. नाव परके, पेला उंच आणि किंमतही त्याला साजेशी. ते पाहून पाहुण्यापुढे साधे लिंबाचे सरबत ठेवताना एखाद्या गृहिणीला संकोच वाटू लागतो. हा संकोच इतिहासाला धरून नाही, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

पानकाचा उल्लेख आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत वारंवार येतो. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला, तेव्हा राजाच्या उपभोगांत त्याने पेयांनाही स्थान दिले. सोळाव्या शतकातील भावमिश्राचा ‘भावप्रकाश’ तर प्रत्यक्ष कृतीच सांगतो. लिंबाचा रस एक भाग, साखरेचे पाणी सहा भाग, वर लवंग आणि मिरी. धने पाट्यावर वाटून वस्त्रगाळ करावेत, साखरेच्या पाण्यात मिसळून कापराचा वास द्यावा आणि कोऱ्या मातीच्या भांड्यात ठेवावेत. कैरी उकडून हाताने कुस्करावी, तीत साखर, थंड पाणी, कापूर व मिरी घालावी. हे पेय भीमसेनाने निर्मिले, अशी पुस्तीही ग्रंथकार जोडतो. बल्लवाचे काम केलेल्या भीमाच्या नावावर आपले पन्हे जमा व्हावे, यात नवल ते काय!

आता १६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाकडे वळू. तेथील इंग्रज वखारवाले जे पेय पीत, त्याचे घटक त्याने नोंदविले आहेत : मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. हेच ते ‘पंच’. मद्य, साखर, लिंबू, पाणी व मसाला या पाच जिनसांवरून, म्हणजे आपल्या ‘पाच’ या शब्दावरून, हे नाव पडले असे अनेक कोशकार मानतात. पुढे जन्मलेल्या कॉकटेलचा हाच पूर्वज समजला जातो. या पाचांतून मद्य वजा करा. उरते ते भावमिश्राचे निंबूपानक! म्हणजे मिश्रण मुळात आपल्या माजघरातले. मद्य त्यात मागाहून आले. मग नकली कोणाला म्हणावे?

योगायोग असा की, त्याच १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या ताब्यात आले. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे पुढे तंजावरास गेले. शिवछत्रपतींच्या दक्षिण दिग्विजयानंतर बंधूंमध्ये जो तह झाला, त्यात बंगळूरचा मुलूख व्यंकोजींची राणी दीपाबाई हिला चोळीबांगडीसाठी दिल्याचे कलम आहे. १६८७ साली हे शहर मराठ्यांच्या हातून गेले. परंतु दीपाबाईचे नाव आणखी एका कारणाने स्मरणीय आहे. तिच्या आश्रयाने रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने अन्नपानाच्या गुणदोषांवर ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. राज्ये मिळाली आणि गेली. स्वयंपाकघराचे शास्त्र मात्र पोथीत टिकून राहिले.

त्या शास्त्राला खर्च फार नाही. आंबटासाठी लिंबू, चिंच, कैरी किंवा कोकम, यांपैकी हंगामात जे स्वस्त असेल ते घ्यावे. गोडीला गूळ, उग्रतेला सुंठमिरी, सुगंधाला एखादा वेलदोडा. गूळ आधी पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, म्हणजे कचर राहत नाही. वेलदोडा शेवटी कुटून घालावा, म्हणजे वास उडत नाही. चिमूटभर मिठाने गोडी खुलते. बर्फ नसला तरी अडत नाही. मातीच्या घड्याच्या छिद्रांतून पाणी झिरपते, वाफ होऊन उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरच्या कोरड्या चैत्रवाऱ्यात हा घडा आपले काम चोख बजावतो. कोकणच्या दमट हवेत तो थोडा आळसावतो, इतकेच.

पानकाची थोरवी त्याच्या स्वस्ताईतच आहे. जे स्वस्त असते, तेच रस्त्यावर पातेले मांडून वाटता येते. राजाच्या उपभोगात गणले गेलेले पेय रामनवमीला हमालाच्या आणि विद्यार्थ्याच्या ओंजळीत पडते, ते याचमुळे. तेव्हा यापुढे दारी पाहुणा आला, तर पन्ह्याचा पेला निःसंकोच पुढे करावा. त्याला उसन्या नावाची गरज नाही. त्याचे स्वतःचे नाव पुष्कळ जुने आहे.