कापसाचा पैसा, सुप्याची होळी

१२ मे १८७५ रोजी आसपासच्या गावांतले शेतकरी सुप्याच्या बाजारात जमले, ते खरेदीसाठी नव्हे. तिथले दुकानदार त्यांचे सावकारही होते. लोकांनी त्यांच्याकडे वह्या आणि कर्जाची खतं मागितली, हाती लागली ती पेटवली, धान्याची दुकानं लुटली. आज बारामती तालुक्यात असलेलं सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं.

या आगीमागे झटपट पैशाचा एक छोटासा काळ होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. तिथून ब्रिटनला जाणाऱ्या कापसाच्या गासड्या वीस लाखांवरून पुढच्याच वर्षी ५५ हजारांवर आल्या आणि मुंबईत भाव भडकले. निर्यातदार सावकाराला उचल देत, सावकार शेतकऱ्याला; दख्खनमध्ये कापसाच्या एकरामागे शंभर रुपयेही मिळू लागले. मागावं तेवढं कर्ज मिळे. पण खरी कमाई वरच्या वर राहिली. बहुतेक कुणब्यांच्या पदरी पडलं ते वाढीव कर्ज.

१८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, उचल आटली.

त्यातच साऱ्याची फेरआकारणी आली. मुंबई इलाख्यातली नवी जमीन आकारणी १८३६ मध्ये सुरू झाली ती इंदापूर तालुक्यातूनच. त्यामुळे तीस वर्षांची मुदत संपल्यावर पहिली पाळीही इंदापूरचीच. तेजी ओसरत असताना दख्खनमधला सारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढवला गेला. हा अन्यायच होता. सारा भरायला पुन्हा सावकाराचंच दार.

तिथे खताची मेख होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खत तीनच वर्षं चाले. व्याज साचू नये हा हेतू, घडलं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घेई, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवी आणि त्यावर पुन्हा व्याज लावी. निरक्षर कुणबी अंगठा उठवून मोकळा होई. दंग्यांच्या चौकशी आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावलेलं निघालं. म्हणूनच सुप्यात लोकांचा रोख मुख्यतः कागदांवर होता.

दंगा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरला. ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा. आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे गेला. पुढच्याच वर्षी आलेल्या दख्खन शेतकरी कायद्याने कर्जापायी होणारी कैद थांबवली, खतामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला आणि शेतकऱ्याचं खत सरकारने नेमलेल्या ग्रामनिबंधकासमोर लिहिणं सक्तीचं केलं.