राजोपदेश आणि विलास

फारसी राजोपदेशाचे ग्रंथ काहींना नीतिपाठ वाटतात, तर काहींना दरबारी चैनीचा पुरावा. उपदेश आणि विलास परस्परविरोधी आहेत, हे दोन्ही वाचनांत गृहीत असते. ‘काबूसनामा’समोर हे गृहीत टिकत नाही.

झियारी राजा कैकाऊस बिन इस्कंदर याने हा ग्रंथ इ. स. १०८२च्या सुमारास आपला पुत्र गीलानशाह याच्यासाठी लिहिला. कास्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील या घराण्याचा संस्थापक मर्दावीज याने सासानी सम्राटांच्या अनुकरणाने सोन्याचे सिंहासन मिरविले होते; ९३५ मध्ये इस्फहानच्या हमामात त्याच्याच तुर्की गुलामांनी त्याला ठार केले. कैकाऊसच्या काळात ते वैभव ओसरले होते.

ग्रंथाच्या ४४ प्रकरणांत मद्यपान, पाहुणचार, शिकार, चौगान, हमाम, गुलामांची पारख असे विषय येतात. मद्यपान पाप आहे, हे कैकाऊस मान्य करतो. परंतु मुलगा ते सोडणार नाही हेही त्याला ठाऊक आहे. म्हणून घ्यायचेच तर उत्तम मद्य घ्यावे आणि तोल जाण्यापूर्वी बैठकीतून उठावे, असे तो सुचवितो. येथे विलासाला बंदी नाही, शिस्त आहे. कारण राजाची मेजवानी ही खासगी बाब नव्हे. निजाम-उल-मुल्कही ‘सियासतनामा’त राजाच्या भरल्या पंगतीची गणना राजकर्तव्यातच करतो.

तथापि याच ग्रंथात व्यापार, वैद्यक, ज्योतिष, काव्य, गायन यांचेही पाठ आहेत आणि ‘नदीम’ होण्याचाही, म्हणजे सुलतानाच्या बैठकीतला सोबती होण्याचा. कैकाऊस स्वतः गझनीला सुलतान मौदूदचा नदीम होता. त्यामुळे मद्यपानाचे प्रकरण दोनदा वाचावे लागते: एकदा यजमान होणाऱ्या राजपुत्रासाठी, दुसऱ्यांदा परक्या दरबारी सेवा करावी लागणाऱ्या निर्वासितासाठी. अभिरुची ही येथे ऐश्वर्याची खूण आहे, तशीच राज्य गेल्यावरची शिदोरीही.

पुढे उपदेशाची पोथीच विलासाची वस्तू झाली. सादीच्या ‘बुस्तान’चा आरंभ राजाच्या न्यायधर्माने होतो. तैमूरी सुलतान हुसेन बायकरा याच्यासाठी १४८८ मध्ये हेरात येथे सिद्ध झालेली त्याची प्रत बिहजादच्या चित्रांनी नटलेली असून आज कैरोत आहे. तिच्या प्रारंभीच्या चित्रात सुलतानाची मद्यपानाची मैफल रंगली आहे. संयमाचा पाठ त्या मैफलीतून गेल्यावाचून वाचकाला लाभत नाही. या विसंगतीला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे. पण राजाला उपदेश पोहोचवायचा, तर तो त्याच्या आवडीच्या रूपातच पोहोचू शकत होता.