सभासद, संशयित, ग्राहक

६ फेब्रुवारी २०१६. लिव्हरपूलचं ॲनफील्ड मैदान. घरचा संघ सन्डरलँडविरुद्ध २-० असा पुढे आहे. घड्याळात ७७वं मिनिट लागतं आणि लोक खुर्च्यांवरून उठू लागतात. आधी इथे-तिथे, मग रांगाच्या रांगा. ज्या 'कोप' स्टँडच्या आवाजाला पाहुणे संघ घाबरतात, तिथे लाल खुर्च्या उघड्या पडलेल्या दिसतात. जवळपास दहा हजार माणसं सामना अर्धवट सोडून निघून गेली. उरलेल्या मिनिटांत सन्डरलँडनं दोन गोल केले आणि सामना २-२ असा सुटला.

७७व्या मिनिटालाच का? कारण पुढच्या हंगामात नव्या मेन स्टँडमधलं सगळ्यात महाग तिकीट ७७ पौंडांचं होणार होतं. काही सीझन तिकिटं पहिल्यांदाच हजार पौंडांच्या वर जाणार होती. चारच दिवसांनी क्लबच्या अमेरिकन मालकांनी माफी मागितली आणि सर्वांत महाग तिकीट ५९ पौंडांवर गोठवलं.

गोष्ट विजयाची आहे, पण तिच्यात एक विचित्र बाब आहे. उठून गेलेल्यांतल्या कित्येकांकडे क्लबची मेंबरशिप होती. म्हणजे कागदोपत्री ते क्लबचे 'सभासद' होते. तरी दराला विरोध करायला त्यांच्याकडे ना सभा होती, ना मत. होते ते फक्त पाय.

आपल्याकडे सभासद म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? हाउसिंग सोसायटी, पतसंस्था, गावचं वाचनालय, साखर कारखाना. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, चहा, ताळेबंदावरून आवाज चढणं, चेअरमनला जाब विचारणं, आणि फारच झालं तर पुढच्या निवडणुकीत त्याला पाडणं. शब्दाच्या पोटातच 'सभा' आहे. मग इंग्लिश फुटबॉलमधल्या सभासदाची सभा गेली कुठे?

वर्गणीवाले

सुरुवातीला ती होती. मँचेस्टर युनायटेड १८७८ साली न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी सुरू केला, आर्सेनल १८८६ साली वुलिचच्या शस्त्रास्त्र कारखान्यातल्या कामगारांनी. आपल्या गल्लीतल्या मंडळासारखाच कारभार : वर्गणी काढायची, कमिटी निवडायची, बॉल आणि मैदानाची सोय करायची. १८५० च्या फॅक्टरी कायद्यानं कापड गिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद व्हायला लागल्या होत्या. त्या मोकळ्या दुपारी फुटबॉल भरू लागला.

बघायला हजारो लोक येऊ लागले तसा पैसा आला. १८८५ साली पगारी खेळाडूंना परवानगी मिळाली, १८८८ साली बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली आणि १८९० साली लीगनं किमान प्रवेश दर ठरवला : सहा पेन्स. कागदी तिकीट बहुतेकांच्या हाती येतच नसे. फिरत्या लोखंडी फाटकावर, टर्नस्टाइलवर, नाणं द्यायचं आणि आत सरकायचं.

पगार द्यायचे, स्टँड बांधायचे, म्हणजे कर्ज आलं. कर्जाची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर कोण घेणार? म्हणून १८८८ साली स्मॉल हीथ, म्हणजे आजचा बर्मिंगहॅम सिटी, मर्यादित कंपनी झाला आणि हळूहळू बाकीचेही झाले. वर्गणीदार गेले, भागधारक आले. फुटबॉल असोसिएशननं लाभांशावर मर्यादा घालून ठेवली होती, कारण क्लब हे पैसे कमावण्याचं साधन होऊ नये अशी तेव्हा निदान भावना तरी होती. १९८३ साली टॉटनहॅमनं क्लबच्या डोक्यावर आणखी एक कंपनी बसवून ती शेअर बाजारात नेली आणि त्या मर्यादेला वळसा घातला.

एका क्लबनं मात्र फार उशिरापर्यंत कंपनी होणं टाळलं. नॉटिंगहॅम फॉरेस्टचा कारभार १९८२ पर्यंत सभासदांनी निवडलेली कमिटी बघत होती. सभासद दोन-अडीचशेच्या आसपास, म्हणजे फार मोठी लोकशाही वगैरे नव्हे. पण याच कमिटीवाल्या क्लबनं १९७९ आणि १९८० असा सलग दोनदा युरोपियन कप जिंकला. 'सभासदांच्या हाती कारभार दिला तर संघ बुडतो' असं कुणी म्हणालं, तर फॉरेस्टची आठवण करून द्यावी.

संशयितांचं ओळखपत्र

१९८० च्या दशकात 'मेंबर' हा शब्द परत आला, पण वेगळ्याच अर्थानं. १३ मार्च १९८५ रोजी ल्यूटन या गावात मिलवॉलच्या समर्थकांनी दंगल केली. खुर्च्या उपटून पोलिसांवर फेकल्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ जण मेले, आणि ब्रसेल्सच्या हायझेल स्टेडियममध्ये लिव्हरपूलच्या समर्थकांनी हल्ला केल्यावर भिंत कोसळली, ३९ जण गेले. तिन्ही घटनांची कारणं वेगवेगळी होती. सरकारच्या मनात मात्र एकच चित्र पक्कं झालं : फुटबॉल बघणारा माणूस धोकादायक असतो.

ल्यूटननं १९८६-८७ च्या हंगामापासून बाहेरगावच्या समर्थकांना बंदीच घातली. मेंबर कार्ड असेल तरच आत. पाहुण्यांना येऊ देत नाही म्हणून लीगनं त्यांना लीग कपमधून काढून टाकलं, तरी क्लब हटला नाही. या क्लबचे अध्यक्ष डेव्हिड इव्हान्स पुढे सत्ताधारी पक्षाचे खासदार झाले आणि पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना ही कल्पना फार आवडली. देशभर हेच का करू नये? १९८९ च्या सुरुवातीला विधेयक आलं : इंग्लंड आणि वेल्समधल्या लीग सामन्याला जायचं असेल, तर राष्ट्रीय योजनेचं सभासद व्हायचं. कार्ड नाही तर प्रवेश नाही.

सहा पेन्सच्या काळात फाटकावर तुमचं नाव कुणी विचारत नव्हतं. आता नावाची नोंद झाल्याशिवाय नाणं चालणार नव्हतं. सभासदत्व म्हणजे हक्क असायचा. इथे ते चारित्र्याचा दाखला झालं.

विधेयक संसदेत असतानाच १५ एप्रिल १९८९ चा शनिवार उजाडला. शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध तोच नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभ्यानं बघणाऱ्या १०,१०० तिकीटधारकांसाठी टर्नस्टाइल होते फक्त सात. सामन्याची वेळ जवळ आली तशी बाहेर चेंगराचेंगरी सुरू झाली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाहेर पडण्याचं एक मोठं फाटक उघडलं. आत आलेले लोक समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या दोन कप्प्यांत गेले, जे आधीच तुडुंब भरलेले होते. तिकडे जाणारी वाट कुणी बंद केली नाही. पुढे लोखंडी जाळ्या होत्या, दंगेखोर मैदानात उतरू नयेत म्हणून लावलेल्या. त्या जाळ्यांना चिरडून ९७ माणसं गेली. त्यातला शेवटचा मृत्यू झाला २०२१ साली, बत्तीस वर्षं त्या जखमा सोसल्यावर.

पोलिसांनी लगेच सांगितलं की लोक दारू पिऊन, बिनतिकीट आले आणि त्यांनीच फाटक फोडलं. ते खोटं होतं. ते खोटं होतं हे चौकशी ज्युरीनं ठामपणे सांगायला २०१६ साल उजाडलं : मृत्यू बेकायदा घडवले गेले, समर्थकांचा दोष नव्हता. ॲनफील्डवर लोक ७७व्या मिनिटाला उठले, त्याच्या अडीच महिन्यांनंतरची ही गोष्ट.

तरीही कायदा १९८९ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला. पण चौकशीसाठी नेमलेले न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालात कार्ड योजनेला पाठिंबा द्यायला नकार दिला. त्यांची शंका साधी होती : ज्या फाटकांपाशी गर्दी तुंबून माणसं संकटात सापडली, त्याच फाटकांवर प्रत्येकाचं कार्ड तपासत बसलात तर काय होईल? सरकारनं योजना गुंडाळली.

रांगेत उभं राहण्याची फी

टेलर यांनी आणखी एक गोष्ट सुचवली, ती अमलात आली : मोठ्या मैदानांवर सगळ्यांना खुर्च्या. खुर्च्या आल्या की दर वाढतील ही भीती त्यांनाही ठाऊक होती. त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्सचं उदाहरण दिलं, जिथे उभं राहायला ४ पौंड आणि बसायला ६ पौंड लागत. म्हणजे गरिबाच्या खिशाला परवडेल अशी खुर्ची देता येते. क्लबांनी अहवालातल्या खुर्च्या घेतल्या, दराचा सल्ला तिथेच ठेवला.

१९९१ साली आर्सेनल आणि वेस्ट हॅमनं नवीन स्टँडसाठी समर्थकांना 'बाँड' विकायला काढले. आर्सेनलचे हजार पौंडांच्या वर, वेस्ट हॅमचे ५०० ते ९७५. बाँड घेतल्यावर सीझन तिकीट फुकट मिळत नव्हतं. ते विकत घेण्याचा हक्क मिळत होता. वेस्ट हॅमचे लोक भडकून मैदानात उतरले आणि तिथली योजना फसली. पण कल्पना मेली नाही : तिकिटाच्या आधी, तिकीट विकत घेण्याच्या संधीला किंमत लावायची. पुढच्याच वर्षी प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा करार पाच वर्षांसाठी ३०.४ कोटी पौंडांचा झाला आणि सामने जगभर पोचले. मागणी अफाट, खुर्च्या तेवढ्याच.

आजची मेंबरशिप याच कल्पनेतून आली आहे. बड्या क्लबांत वर्षाला साधारण तीस-चाळीस पौंड भरायचे. बदल्यात ॲपमध्ये एक कार्ड येतं, दुकानात थोडी सूट, वाढदिवसाला शुभेच्छा आणि तिकीट विक्रीच्या खिडकीत किंवा सोडतीत नाव घालण्याची मुभा. तिकीट मिळेलच असं नाही. ते मिळालं तर त्याचे पैसे वेगळे. मैदानात खुर्च्या किती हे ठरलेलं असतं, मेंबर किती करायचे याला मात्र तशी सीमा नाही. म्हणजे विकली जाते ती रांग. पुण्यातला किंवा नागपूरचा एखादा चाहता आयुष्यात एकदा तो सामना बघायचा म्हणून हे कार्ड घेतो, तेव्हा तोही याच रांगेत उभा असतो. आणि कंटाळून कुठल्या तरी वेबसाइटवरून ब्लॅकनं तिकीट घेतलं, तर फाटकावर अडवलं जाण्याची शक्यता खरी आहे. इंग्लंडमध्ये १९९४ च्या कायद्यानुसार फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं गुन्हा आहे. गाण्याच्या कार्यक्रमाच्या तिकिटाला हा नियम लागू नाही.

जिथे मत आहे

मग ज्या देशांत सभासदांना मत आहे, तिथे सगळं आलबेल आहे का? जर्मनीत १९९८ पासूनच्या '५०+१' नियमानं क्लबच्या कंपनीत मतांचं बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहतं. बायर्न म्युनिकचे सभासद साडेतीन लाखांहून अधिक आहेत. सभासदांच्या बैठकीत पदाधिकाऱ्यांना तोंडावर प्रश्न विचारले जातात आणि उभ्यानं बघण्याची स्वस्त जागा अजून टिकून आहे. तरी ॲनफील्डच्या त्याच आठवड्यात, ९ फेब्रुवारी २०१६ ला, श्टुटगार्टच्या मैदानावर डॉर्टमुंडच्या समर्थकांनी महाग तिकिटांविरुद्ध टेनिसचे चेंडू फेकून सामना थांबवला. यजमान क्लबनं लावलेल्या दरावर पाहुण्यांचं मत चालत नाही.

बार्सिलोनाचा किस्सा त्याहून बोचरा आहे. हा क्लब लाखाहून जास्त सभासदांच्या मालकीचा. अध्यक्षही तेच निवडतात. १४ एप्रिल २०२२ ला तिथे फ्रँकफर्टशी सामना होता. पाहुण्यांना पाच हजार तिकिटं दिली होती. प्रत्यक्षात त्यांचे तीसेक हजार लोक पांढऱ्या कपड्यांत आले आणि घरच्या मैदानावर बार्सिलोनाच पाहुणा वाटू लागला. बार्सिलोना हरला. बऱ्याच खुर्च्या खुद्द सभासदांच्याच हातून सुटल्या होत्या. अध्यक्षांनी लाज वाटल्याचं जाहीर सांगितलं. मालकी हातात असली तरी खुर्ची विकायचा मोह सुटत नाही, एवढं त्या रात्री दिसलं.

फरक मात्र उरतो. बार्सिलोनाचा सभासद त्या रात्रीनंतर सभेत उभा राहून विचारू शकत होता, हे कसं झालं. ॲनफील्डच्या मेंबरला विचारायची सोय नव्हती, म्हणून तो उठून गेला. त्याआधी जानेवारी २०१३ मध्ये मँचेस्टर सिटीच्या समर्थकांनी आर्सेनलच्या मैदानावरची ६२ पौंडांची ९१२ तिकिटं विकत न घेता परत पाठवली होती. असे धक्के साचत गेले आणि मार्च २०१६ मध्ये प्रीमियर लीगच्या क्लबांनी बाहेरगावी जाणाऱ्या समर्थकांसाठी कमाल ३० पौंडांची मर्यादा मान्य केली. ती मागायला कुणाला सभा मिळाली नव्हती.

२०२५ साली ब्रिटनमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा झाला. क्लबांनी समर्थकांशी सल्लामसलत करावी, हे आता कायद्यात आलं आहे. सल्ला घेणं आणि मत देणं यात किती अंतर असतं, हे सोसायटीच्या मीटिंगला गेलेल्या कुणालाही सांगायला नको. पण वर्गणीदार, मग संशयित, मग ग्राहक, एवढा प्रवास केलेल्या माणसाला निदान बोलवा, एवढं तरी मान्य झालं. ॲपमधल्या त्या कार्डावर 'मेंबर' असं अजूनही लिहिलेलं असतं. पुढच्या वर्षी ते रिन्यू करण्याआधी एकदा तपासून बघा : वर्षातून एक दिवस, एखाद्या हॉलमध्ये, या कार्डावर कुणी तुम्हाला हात वर करू देतं का?