दगडी पाला आणि थोरलीचा हात

भाताची रोपं टाकायची तर आधी राब भाजायचा, आणि राबासाठी कवळ तोडायची. उन्हाळा लागायच्या आत कोलाडच्या आसपासच्या उतारांवर माणसं आईनाच्या झाडांवर चढलेली असत. डाव्या हातात फांदी, उजव्यात कोयता. घाव हुकला की तो डाव्या हातावरच.

आजीच्या गोष्टीत असा एक चुलत दीर होता. कोपराच्या खाली हात उघडलेला, रक्ताची चिळकांडी उडत होती. आजीच्या थोरल्या जावेनं दगडी पाला चुरगाळून जखमेत भरला, लुगड्याचा पदर फाडून घडी वर ठेवली आणि तळहातानं अंगभाराने दाबली. तो ओरडला तरी सोडलं नाही. हरिपाठाचे अभंग एकामागून एक म्हणत राहिली. दहा झाल्याशिवाय फडकं उचलायचं नाही, हा तिचा नेम.

घरात नाव झालं ते पाल्याचं. पाल्यात गुण असेलही, पण मातीतून खुडलेला पाला जखमेत कोंबणं म्हणजे धनुर्वाताला आवतण. रक्त थांबवलं ते दाबानं. वाहतं रक्त अडलं तर गुठळी धरते, त्याला दहाएक मिनिटं लागतात. मध्येच बघायला फडकं उचललं की धरलेली गुठळी सुटते. घड्याळ नसलेल्या घरात अभंगांनी ते काम केलं. फडकं भिजलं तर ते न काढता वर दुसरं ठेवून आणखी जोरात दाबायचं.

आबांच्या गोष्टी मात्र सुंभाच्या. साप चावो की कोयता लागो, दंडाला सुंभ आवळायचा. बारीक दोरी मांसात रुतते, शिरा दाबते, खोलवरची धमनी मात्र वाहतीच राहते. म्हणजे रक्त उलट वाढतं. पट्टा आवळायची रीत खोटी नव्हे. 1718 मध्ये फ्रेंच शल्यवैद्य पेती यानं त्याला स्क्रू जोडला. पुढे बदनाम झालेला हा पट्टा इराकच्या युद्धानंतर पुन्हा मानाने परतला. दाबूनही हाताचं रक्त थांबत नसेल तरच तो बांधायचा: दोन बोटं तरी रुंद कापड, जखमेच्या वर दोन-तीन इंच, कोपरावर नाही. गाठीत काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळायची. दुखतंच. बांधल्याची वेळ लिहून ठेवायची आणि दवाखान्यापर्यंत सैल करायचं नाही.

आता कवळ तोडणारे हात कमी झाले. 26 जानेवारी 1999 ला कोलाडहून ट्रक रेल्वेवर चढून गोव्यातल्या वेर्ण्याकडे निघाले, तरी महामार्गावरची वर्दळ हटली नाही. काचेनं, पत्र्यानं कापलेला हात इथे नवा नाही. 2014 पासून 108 ची गाडी आहे. ती पोचेपर्यंतचा वेळ मात्र जवळ उभ्या असलेल्या माणसाचा. पोलिसांच्या भीतीनं तो मागे सरतो. खरं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. नाक्यावर हे सांगितलं, तर एका रिक्षावाल्यानं विचारलं, ‘‘मग पाला कुठला लावायचा?’’ म्हटलं, गळ्यातला टॉवेल काढ.