मारियामातेच्या हातातील सुया

प्रभू येशूला क्रूसावर खिळल्यानंतर शिपायांनी त्याची वस्त्रे वाटून घेतली. अंगरखा मात्र त्यांनी फाडला नाही, त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. त्याला शिवण नव्हती, तो सबंध एकसंध विणलेला होता, अशी नोंद संत योहानाने आपल्या शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायात केली आहे. हा अंगरखा कोणी विणला, याविषयी शुभवर्तमानकार मौन पाळतो. भाविक मनाने मात्र त्याचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले. बाळ येशूसाठी तो मारियामातेने स्वहस्ते विणला आणि बाळाबरोबर तोही वाढत गेला, अशी आख्यायिका मध्ययुगात रूढ झाली.

सुमारे १४०० साली जर्मनीतील बुक्स्टेहूड येथील बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या मठासाठी एक वेदीचित्र तयार झाले. आज ते हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात आहे. मास्टर बेर्ट्राम या चित्रकाराशी त्याचे नाव जोडले जाते. त्यातील एका दृश्यात पवित्र मारिया विणत बसली आहे. तिच्या हाती तांबूस रंगाचा छोटासा अंगरखा असून त्याच्या गळ्याभोवतीचे टाके तिने चार सुयांवर घेतले आहेत. जवळच बाळ येशू पुस्तक उघडून बसला आहे, त्याचा भोवराही तेथेच पडला आहे. इतक्यात दोन देवदूत येतात. त्यांच्या हाती क्रूस, भाला, खिळे आणि काटेरी मुकुट आहे! माता शेवटचे टाके पुरे करीत आहे आणि त्या अंगरख्याचे भवितव्य तिच्या दारी येऊन उभे आहे.

हे चित्र इतिहास सांगते की केवळ भक्तिभाव? या प्रश्नाचा विचार करताना एका आगळ्या ग्रंथकाराची ओळख करून घेणे उचित ठरेल. रिचर्ड रट (१९२५-२०११) हे इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू. १९५४ साली ते मिशनकार्यासाठी कोरियात गेले, तेथे बिशप झाले आणि कोरियन काव्याचे व कथावाङ्मयाचे जाणते अनुवादक म्हणून मान्यता पावले. १९७९ मध्ये ते लेस्टरचे बिशप झाले. १९९४ साली त्यांनी कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला व पुढील वर्षी त्यांना कॅथलिक गुरुदीक्षा मिळाली. या विद्वान धर्मगुरूंना विणकामाचा छंद होता. बिशपपदावर असतानाच, १९८७ साली, त्यांनी हाताने केलेल्या विणकामाचा बृहद् इतिहास प्रसिद्ध केला. या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांना आजही त्या ग्रंथापासून आरंभ करावा लागतो.

आपल्या मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद दोन भिन्न कामांना लावले जाते. मागावर ताणा आणि बाणा यांची गुंफण करून कापड तयार होते, तेही विणणे. आणि सुयांवर एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवून स्वेटर होतो, तेही विणणेच. योहानाच्या मूळ ग्रीक शब्दाचा रोख मागावरील विणकामाकडे आहे. सुयांवरचे विणकाम त्या मानाने पुष्कळ अलीकडचे. त्याचे निर्विवाद जुने नमुने म्हणजे इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे. ते साधारण ११ व्या ते १४ व्या शतकांतील, इस्लामी राजवटीच्या काळातील आहेत. त्याही आधीचे, इजिप्तमधील प्राचीन ख्रिस्ती वस्तीचे मोजे वरवर तसेच दिसतात. परंतु ते एकाच सुईने धागा फासांतून ओढून, निराळ्या पद्धतीने केलेले आहेत. युरोपात पाहावे तर स्पेनमधील बुर्गोस येथील लास उएल्गास मठात, १२७५ साली निधन पावलेल्या कॅस्टिलच्या युवराजाच्या थडग्यात सुयांवर विणलेल्या रेशमी उशा मिळाल्या. तात्पर्य, नाझरेथच्या घरात चार सुया असणे संभवत नाही.

गोड कथा नाकारण्याचे धैर्य रट यांच्यापाशी होते. ऑक्सफर्डमध्ये लोकरीचे दुकान चालविणाऱ्या हाइन्झ एडगर कीव यांनी १९६७ साली विणकामाचा ‘पवित्र इतिहास’ लिहिला. आयर्लंडच्या ॲरन बेटांवरील स्वेटरांची नक्षी अतिप्राचीन असून तिची खूण थेट ‘बुक ऑफ केल्स’ या मध्ययुगीन हस्तलिखितात सापडते, असे त्यांचे प्रतिपादन. एका टाक्याचे तीन आणि तिनांचा पुन्हा एक करावयाचा, अशा एका विणीला ‘त्रैक्याचा टाका’ म्हणतात; तेव्हा अशा कथा भाविकांना मोहवितात यात नवल नाही. बुडालेल्या कोळ्याचा देह त्याच्या घराण्याच्या नक्षीवरून ओळखला जाई, असेही सांगतात. त्या समजुतीचे मूळ जॉन सिंग यांच्या १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात आढळते. तेथे बहीण आपल्या बुडालेल्या भावाची ओळख मोज्यातील सुटलेल्या टाक्यांवरून पटविते. ॲरनचा आजचा प्रसिद्ध स्वेटर तर विसाव्या शतकातील आहे. श्रद्धेला असत्याचा टेकू लागत नाही, हे धर्मगुरू असलेल्या इतिहासकाराने जाणले होते.

मग मारियेच्या हातातील सुया निरर्थक ठरतात काय? मुळीच नाही. चौदाव्या शतकाच्या मध्यास इटलीतही आंब्रोजो लोरेन्झेत्ती आणि तोमासो दा मोदेना यांनी विणकाम करणारी मारिया रंगविली. चित्रकार नाझरेथ पाहू शकत नव्हते. त्यांनी आपल्या शेजारची घरे पाहिली. पुढे युरोपातील शहरांत मोजे व टोप्या विणणाऱ्यांचे संघ उभे राहिले. ते प्राधान्याने पुरुषांचे होते. त्यांचे नियम, करार व हिशेब कागदावर उरले. घरात मुलाबाळांसाठी विणणाऱ्या आयांचा हिशेब कोणी ठेवला नाही. त्यांच्या कामाची जुन्यात जुनी साक्ष या चित्रांनी जपली, आणि तीही मारियामातेच्या रूपाने! पहिल्या शतकाविषयी मूक राहणारे हे चित्र चौदाव्या शतकातील स्त्रियांविषयी बोलते. त्यांचे रोजचे काम देवमातेच्या हाती शोभण्याइतके पवित्र आहे, असा निर्वाळा ते देते.

आपल्या महाराष्ट्राला हा विचार परका नाही. संत जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागला, ही कथा शतकानुशतके सांगितली जात आहे. तिचा पुरावा कोणी मागत नाही. जात्याजवळही देव भेटतो, हे तिचे सत्य आहे. आख्यायिकेला इतिहास म्हणून खपवू नये आणि इतिहासाच्या नावाखाली तिच्यातील अर्थ फेकूनही देऊ नये, हा विवेक दोन्हीकडे सारखाच हवा.

आपल्या चर्चमधील वेदीवस्त्रांना जोडलेली क्रोशाची लेस, बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या डोक्यावर असलेली लोकरीची टोपी कोणाच्या हातची, हे धर्मग्रामाच्या दप्तरात लिहिलेले नसते. ती करणाऱ्या आजी व मावश्या अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांची नावे विचारून घ्यावीत आणि धर्मग्रामाच्या इतिहासात ती आवर्जून नोंदवावीत. प्रत्येक धर्मग्रामात चित्रकार असतोच असे नाही. वही मात्र असते.