जुना कॉम्प्युटर भंगारात देताय? आधी हे वाचा, घरचा सर्व्हर असा करता येतो

फोन विहिरीत पडला किंवा स्क्रीन गेली, की माणसाला पैशाआधी फोटो आठवतात. पोराचं बारसं, आजीचा शेवटचा व्हिडिओ, सातबाऱ्याची पीडीएफ, पीक विम्याची पावती, सगळं त्या एकाच फोनमध्ये असतं. गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मिळतात, त्यापुढे पैसे. दुसरीकडे १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि अनेक घरांतले चालू स्थितीतले कॉम्प्युटर कोपऱ्यात गेले. त्याच कॉम्प्युटरवर घरातले सगळे फोटो ठेवता येतात.

सर्व्हर म्हटलं की मोठं काहीतरी वाटतं. तसं काही नाही. सतत चालू राहून घरातल्या बाकीच्या फोन-लॅपटॉपला फायली देणारा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. एकदा बसवला की त्याला मॉनिटर, माउस लागत नाही. वायफायच्या राउटरला लॅनच्या वायरने जोडायचा. गावाकडे महत्त्वाचं म्हणजे नेट गेलं तरी घरातल्या घरात तो चालतो.

कोणता चालेल?

६४ बिटचा प्रोसेसर आणि ४ जीबी रॅम असली की फायली ठेवायला पुरते. अगदी जुना ३२ बिटचा असेल तर नाद सोडा, कारण २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ लाही त्याचा इन्स्टॉलर नाही. निवड असेल तर डेस्कटॉपपेक्षा जुना लॅपटॉप घ्या, आणि त्याचं कारण वीजबिल.

हिशेब साधा आहे. डेस्कटॉप ५० वॅट खात असेल तर दिवसाला १.२ युनिट, महिन्याला ३६ युनिट. लॅपटॉप १५ वॅटवर चालला तर महिन्याला ११ युनिटच्या आसपास. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर दर चढतो, त्यामुळे ज्यांचं बिल ८०-९० युनिटवर आहे त्यांना डेस्कटॉप महागात पडेल. पण चोवीस तास चालू ठेवायचं बंधन कुठंय? संध्याकाळी दोन तास लावला तरी फोटो उतरवून होतात. आमचं मत विचाराल तर बहुतेक घरांना तेवढंच पुरे.

लॅपटॉपची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस, लोडशेडिंगमध्ये मशीन धाडकन बंद पडत नाही. मात्र टचपॅड वर उचललेलं दिसलं किंवा तळ फुगला असेल तर ती बॅटरी लगेच काढायला लावा, आगीचा धोका असतो. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपी जातो, ती सेटिंगही बंद करावी लागते.

डेस्कटॉपला बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग असते, ती चालू करा. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. मदरबोर्डवर सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल असतो. जुन्या मशीनमध्ये तो संपलेला असतो. मग लाइट गेली की बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात, घड्याळ मागे जातं आणि मशीन ‘एफ१ दाबा’ म्हणत अडून बसतं. मॉनिटर नसतो, त्यामुळे आपल्याला कळतही नाही. सेल स्वस्तात मिळतो, आधीच बदला. पंख्यातली धूळही त्याच वेळी ब्रशने काढा.

बसवायचं कसं?

जुन्या विंडोजवरच फोल्डर शेअर करण्याचा मोह टाळा. मे २०१७ मध्ये जगभर गाजलेला वॉनाक्राय व्हायरस विंडोजच्या याच फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतून पसरला होता. डेबियनसारखं लिनक्स फुकट आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर रूफस वापरून ते पेनड्राइव्हवर घ्या आणि जुना कॉम्प्युटर त्यावरून सुरू करा. सावधान, पूर्ण डिस्क वापरायची निवड केली की तिच्यावरचं सगळं पुसलं जातं. आतले जुने फोटो अगोदर बाहेर काढून उघडून बघा.

इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची निवड काढा, एसएसएच सर्व्हरची ठेवा. म्हणजे पुढची कामं दुसऱ्या कॉम्प्युटरवरून होतात. मग सांबा नावाचा प्रोग्राम बसवून एक फोल्डर पासवर्डसह शेअर करा. तो विंडोजवर दिसतो, तसंच नेटवर्क फोल्डर उघडणाऱ्या फाइल मॅनेजर ॲपने फोनवरही. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता पक्का करून ठेवा, नाहीतर दोन दिवसांनी ‘काल दिसत होता, आज नाही’ सुरू होतं. जागा उरली तर किविक्स टाका. त्यावर मराठी विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की पोरांना नेटशिवाय वाचता येतो.

बाहेरगावाहून बघायचं म्हणून राउटरचे पोर्ट उघडायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. मोबाइल नेटवर बहुधा ते चालतही नाही, कारण अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता असतो. टेलस्केलसारखी सोय त्यापेक्षा बरी.

डिस्कवर विश्वास किती?

जुनी हार्ड डिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही. स्मार्टमॉनटूल्स हा फुकट प्रोग्राम तिची तब्येत दाखवतो. ‘रिअलोकेटेड सेक्टर’चा आकडा शून्य नसेल आणि वाढत असेल, किंवा टकटक आवाज येत असेल, तर त्यावर घरचे फोटो ठेवू नका. शून्य असला तरी ती नवी होत नाही.

म्हणून फोनमधून फोटो उतरवले की लगेच डिलीट करू नका. आधी एका बाहेरच्या यूएसबी डिस्कवर दुसरी प्रत घ्या आणि ती डिस्क सर्व्हरला लावून ठेवू नका, कपाटात ठेवा. वीज पडली किंवा व्होल्टेज चढलं तर जोडलेलं सगळं एकदम जातं. शक्य असेल तर ती बहिणीकडे किंवा मामाकडे ठेवा, सणासुदीला भेट होते तेव्हा नवे फोटो भरायचे. सिंकथिंगसारखं ॲप वापरत असाल तर आणखी जपा. फोनवर डिलीट केलेला फोटो ते सर्व्हरवरूनही डिलीट करतं, त्यामुळे सर्व्हरच्या बाजूला जुन्या प्रती राखण्याची सेटिंग चालू हवी.

आणि जमलंच नाही, कॉम्प्युटर भंगारवाल्याला द्यायचाच ठरला, तर डिस्क आधी काढून घ्या. आधार, पासबुक, पॅनचे स्कॅन नुसते डिलीट केल्याने जात नाहीत.